पीएचडीवाल्या ग्रंथपालांसाठीचं निवासी वर्कशॉप: लेक्चरं सोडा, टेबलावर बसा

ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांना आधीच सांगते. लेक्चरांना पाचपैकी दोन, मेंटरिंगच्या टेबलाला पाचपैकी पाच, जेवणाला साडेतीन, आणि राहण्याच्या सोयीला किती द्यायचे ते मी अजून ठरवलेलं नाही.

लायब्ररी अँड इन्फर्मेशन सायन्समधे पीएचडी करणाऱ्यांसाठी पणजीच्या जवळ हे जे निवासी रिसर्च वर्कशॉप झालं ना, त्याबद्दल ओळखीतले बरेच जण विचारतायत की पुढच्या वेळी जायचं का, पैसे वसूल होतात का, की नुसतं सर्टिफिकेट. आयोजकांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली थोडं कडूही लिहिणार आहे आणि गोवा केवढासा, उद्या फोंड्याच्या बाजारात कोणीतरी समोर उभं राहील.

मी स्वतः कॉलेजात ग्रंथपाल, पीएचडी पार्ट टाइम. आपल्या विषयात पीएचडी करणारे बहुतेक असेच असतात, दिवसभर काउंटर सांभाळायचं, नॅकची (कॉलेजांना ग्रेड देणारी संस्था) फाईल आली की ती भरायची, घरी येऊन स्वयंपाक उरकायचा आणि रात्री सगळे झोपले की लॅपटॉप उघडून चॅप्टर दोनकडे बघत बसायचं. त्यात २०२२ च्या यूजीसी नियमांनी एमफिल बंद केली. कुणाला फरक पडला नसेल पण आम्हाला पडला, कारण पूर्वी एमफिलमधे माणूस एकदा छोटंसं काहीतरी करून, आपटून, शिकून मग पीएचडीला यायचा, आता एमएलआयएससी, म्हणजे लायब्ररी सायन्सचं मास्टर्स, झालं की डायरेक्ट खोल पाण्यात. कोर्सवर्कचे किमान १२ क्रेडिट होतात, त्यात रिसर्च एथिक्सचा पेपर असतो, सिनॉप्सिस पास होते, आणि मग घड्याळ टिकटिकत राहतं: कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, पुढे री-रजिस्ट्रेशन करून २, बायकांना त्यावर अजून २. या सगळ्यात "तुझा प्रश्न नक्की काय आहे गं?" असं निवांत बसून विचारणारं कोणी नसतं. गाईड वाईट असतात असं अजिबात नाही, माझे सर तर देवमाणूस. पण नियमाप्रमाणे प्रोफेसरकडे एका वेळी ८ विद्यार्थी, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४, वर त्यांचे स्वतःचे लेक्चर, परीक्षा, कमिट्या. आणि दर सेमिस्टरला आरएसीपुढे (रिसर्च अ‍ॅडव्हायझरी कमिटी) उभं राहतो तिथे आपण प्रोग्रेस दाखवायला जातो, गोंधळ दाखवायला नाही.

म्हणून गेले. आता एक एक करून सांगते.

उद्घाटन. समई, सरस्वतीची तसबीर, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची ओळख, पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्याची ओळख... चहाच्या वेळेपर्यंत हेच. पाहुण्यांनी भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचे १९३१ चे पाच नियम सांगितले. समोर बसलेला प्रत्येक माणूस ते नियम स्वतः शिकवतो हो! असो, हे सगळीकडे असतंच.

मग लेक्चरं. रिसर्च मेथडॉलॉजीच्या त्याच स्लाइड्स, ज्या तुम्ही कोर्सवर्कला पाहिल्यात. क्वालिटेटिव्ह म्हणजे काय, क्वांटिटेटिव्ह म्हणजे काय, मधे एक बाण आणि खाली लिहिलेलं मिक्स्ड. झोटेरो (संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर) कसं इन्स्टॉल करायचं यावर एक अख्खं सेशन, जे यूट्यूबवर दहा मिनिटांत होतं. बिब्लिओमेट्रिक्सच्या (कोणी किती लिहिलं, कोणी कोणाचा संदर्भ दिला हे मोजायचं शास्त्र) सेशनला मात्र मला थोडी आशा होती कारण तो आपल्या विषयाचा घरचा प्रांत, लोटकाचा नियम १९२६ चा, ब्रॅडफर्डचा १९३४ चा. पण तिथेही स्कोपस या पेपरांच्या डेटाबेसवरून डेटा उतरवा, व्हॉसव्ह्यूअर या नकाशे काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधे टाका, रंगीत ठिपक्यांचा नकाशा आला, टाळ्या. नकाशा आला म्हणजे काय कळलं, हे कोणी बोललंच नाही. (हेच दुसऱ्या दिवशी एका मेंटर मॅडमनी एका मुलाला विचारलं. "हा लाल ठिपका मोठा आहे, बरं, मग?" तो म्हणाला, "मॅडम, म्हणजे त्या कीवर्डवर जास्त काम झालंय." "ते तर तू न मोजताही मला सांगितलं असतंस." बिचारा गप्प. पण नंतर त्याच मॅडम त्याच्याबरोबर बसून कुठल्या वर्षानंतर तो ठिपका फुगला आणि त्या वर्षी काय घडलं असेल हे शोधत होत्या, जेवायला उशीर करून.)

एका लेक्चरला मात्र मी पूर्ण मार्क देईन, सॅम्पलिंगवालं. आपल्याकडे प्रत्येक थीसिसमधे सॅम्पल किती घ्यायचं ते सांगणारं क्रेजसी आणि मॉर्गन यांचं १९७० चं टेबल असतंच असतं, लोकसंख्या १० हजार तर सॅम्पल ३७०, लाख असेल तर ३८४. ते सर उभे राहिले आणि म्हणाले, ज्यांनी ज्यांनी ३८४ लिहिलंय त्यांनी हात वर करा. अर्ध्याहून जास्त हात. मग म्हणाले, यातल्या किती जणांनी गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला? तेच हात. मग त्यांनी शांतपणे समजावलं की ते टेबल रँडम सॅम्पल धरून बनवलंय, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जायचा सारखा चान्स पाहिजे, तर ते ९५ टक्के कॉन्फिडन्स आणि ५ टक्के एरर खरे ठरतात, आणि तुम्ही तुमच्या ओळखीच्यांना फॉर्म पाठवून ज्याला भरायचाय त्याने भरला असेल तर ३८४ असो की ३८४०, त्या आकड्याला तो अर्थ राहत नाही. हॉलमधे एकदम शांतता. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "आता काय करपाचें मरे?" त्यावर सर म्हणाले, काही नाही, जे केलंय ते जसंच्या तसं लिहा, सोयीचं सॅम्पल म्हणून लिहा आणि त्यातून जेवढं म्हणता येतं तेवढंच म्हणा. एवढं एक वाक्य ऐकायला मी अजून एकदा त्या खुर्च्यांवर बसेन, आणि त्या खुर्च्या प्लास्टिकच्या होत्या.

आता टेबल. खरं सांगायचं तर वर्कशॉप म्हणजे हेच, बाकी सगळं सजावट.

पद्धत अशी की येण्याआधी प्रत्येकाने एकच पान पाठवायचं. प्रश्न काय, तो कोणाला पडलाय, उत्तर शोधायला काय गोळा करणार, आणि सध्या कुठे अडलंय. एक पान म्हणजे एकच पान, बारीक फॉन्ट करून पाठवलेलं परत येतं (एकाचं आलं). मग चार-चार जणांचं एक टेबल आणि त्याला एक मेंटर, जो तुमच्या युनिव्हर्सिटीचा नाही. आधी तुम्ही बोलायचं, थोडकंच. मग बाकीच्या तिघांनी फक्त न समजलेलं विचारायचं, सल्ला द्यायचा नाही. मग तुम्ही गप्प बसायचं आणि ते तिघं तुमच्या रिसर्चबद्दल तुमच्यासमोर आपसात बोलणार, तुम्ही "नाही पण मला तसं नव्हतं म्हणायचं" असं मधे बोलायचं नाही. हे भयंकर अवघड जातं. पण त्यातच समजतं की तुम्ही जे लिहिलंय ते वाचून समोरच्याला काय कळलं. सगळ्यात शेवटी मेंटर बोलतो.

आणि मेंटरची सही कुठेच लागत नाही. यातच त्या टेबलाचं सगळं गुपित आहे असं मला वाटतं. गाईडच्या सहीशिवाय आपलं पान हलत नाही, आरएसीच्या सहीशिवाय सेमिस्टर हलत नाही, मग त्यांच्यासमोर आपण "होय सर, चाललंय सर" करतो. मेंटरला काय, तो परवा आपल्या गावी जाणार. त्याच्यासमोर "मला माझाच विषय कळेनासा झालाय" हे म्हणता येतं, आणि आमच्या टेबलावर हे पहिल्या तासाभरात चारही जणांनी कुठल्या ना कुठल्या शब्दांत म्हटलं.

त्यावर मेंटर मॅडमनी जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी कॅरोल कुल्थाउचं मॉडेल काढलं. आपण सगळेच ते शिकवतो, माहिती शोधणारा माणूस सुरुवात, निवड, चाचपणी, प्रश्नाला आकार, गोळा करणं आणि मांडणं या सहा पायऱ्यांनी जातो, आणि चाचपणीच्या पायरीवर गोंधळ आणि शंका वाढतात, आत्मविश्वास खाली येतो. म्हणजे जास्त वाचलं की आधी बरं वाटायच्या ऐवजी वाईट वाटतं, आणि ते नॉर्मल आहे. हे आम्ही एफवायच्या पोरांना ओरिएंटेशनमधे सांगतो. मॅडम म्हणाल्या, "आता तुमची स्वतःची पायरी कुठली ते पानावर लिहा." चौघांनी चाचपणी लिहिलं. त्यातल्या एकाचं रजिस्ट्रेशन होऊन चार वर्षं झाली होती. हसावं की रडावं.

टेबलावरचे विषय सांगते म्हणजे अंदाज येईल.

केपे बाजूची एक मुलगी होती, तिचा विषय तोच आपला राष्ट्रीय विषय, ई-रिसोर्सेसचा अवेअरनेस अँड यूज, अमुक तालुक्यातल्या कॉलेजांत. शोधगंगेवर (देशभरातले थीसिस ठेवलेली साइट) हे शब्द टाकून बघा, कॉलेज बदला, जिल्हा बदला, बाकी थीसिस तीच. तिला कोणी हसलं नाही हे आधी सांगते. मॅडमनी एवढंच विचारलं की १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, ३० पब्लिशर, साधारण १३ हजार जर्नल सरकारी संस्थांना उघडली, तुझ्या यादीत सरकारी कॉलेज आहेत का? आहेत. मग दार उघडल्यावर कोण आत आलं हे तू "तुम्ही समाधानी आहात का" असं विचारून शोधणार, की कुठलं जर्नल किती वापरलं गेलं हे दाखवणारे COUNTER रिपोर्ट महिन्यागणिक लावून, आधीचे आणि नंतरचे, आणि ज्यांना मिळालं नाही त्या कॉलेजांच्या शेजारी ठेवून? पोरीचा चेहरा बघण्यासारखा झाला. विषय तिचाच, शीर्षकातले दोन-तीन शब्द बदलले, पण आता त्यात प्रश्न आला.

दुसरा एक सासष्टीचा, त्याचा विषय मला सगळ्यात आवडला. हैदराबादच्या इन्कॉइसकडून मच्छीमारांसाठी मासे कुठे मिळायची शक्यता आहे त्याची सूचना निघते, सॅटेलाइटवरून समुद्राचं तापमान आणि क्लोरोफिल बघून. ही सूचना गोव्यातल्या ट्रॉलरवाल्यांपर्यंत पोचते का आणि ते ती मानतात का, हा त्याचा प्रश्न. मस्त ना! पण त्याने बनवली होती चाळीस प्रश्नांची प्रश्नावली, पाच पर्यायांची, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. टेबलावरच्याच एकाने (मेंटरने नाही!) विचारलं की मालीम जेटीवर सकाळी मासळी उतरवताना तुझी ही चाळीस कलमं कोण भरणार? आणि कुणाच्या भाषेत? कारण ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, एकवेळ इथला असेल पण खलाशी ओडिशाचे, झारखंडचे, कारवारकडचे. मग मॅडमनी फ्लॅनगनची १९५४ ची क्रिटिकल इन्सिडंट पद्धत सांगितली. म्हणजे मत विचारायचं नाही, "मागच्या खेपेला बोट कुठे न्यायची हे कसं ठरवलं, कोणाला फोन केला, मग काय झालं" एवढंच विचारायचं आणि ऐकत राहायचं. आणि वर टोला, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या ६१ दिवसांत लोक जेटीवर जाळी शिवत निवांत असतात, तुझं फील्डवर्क तेव्हा ठेव. हे कुठल्या मेथडॉलॉजीच्या पुस्तकात मिळणार सांगा. तो पोरगा उठून बाहेर जाऊन कुटबण जेटीवर कोणालातरी फोनच लावून आला.

माझा विषय गोव्यातल्या जुन्या मराठी नियतकालिकांची सूची आणि मेटाडेटा (शीर्षक, लेखक, वर्ष अशा नोंदी). माझ्यावर मॅडमनी एकच प्रश्न टाकला, हे शोधणार कोण? म्हणजे मी डब्लिन कोअर या नोंदी करायच्या स्टँडर्डची फील्ड्स, स्टँडर्ड्स यांवर पान भरलं होतं आणि वाचकाचा पत्ता नव्हता. इतिहासाचा अभ्यासक एका पद्धतीने शोधतो, आपल्या पणजोबांचा लेख शोधणारा नातू दुसऱ्या पद्धतीने, आणि गोव्यात तर एकाच माणसाचं नाव पोर्तुगीज कागदात एका स्पेलिंगने, मराठीत दुसऱ्या तऱ्हेने, कधी आडनाव बदलून गावाचं लावलेलं. "आधी पाटोला जाऊन बस आणि लोक काउंटरवर काय विचारतात ते लिहून आण," एवढा गृहपाठ. पाटो म्हणजे आपली कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी, १८३२ पासूनची. मी तिथे गेले, बसले, आणि लोक खरंच काय काय विचारतात यावर एक वेगळी पोस्ट होईल. इथे नको.

आता तक्रारी, कारण रिव्ह्यू आहे, आरती नाही.

एक, सगळी टेबलं सारखी नव्हती. आमच्या बाजूच्या टेबलाचे मेंटर दुपारच्या फ्लाइटसाठी जेवणाआधीच मोपा विमानतळाला निघाले, आणि तिथल्या दोघांचा नंबर यायचाच होता. त्यांना "दुसऱ्या टेबलावर ऐकायला बसा" सांगितलं. फी त्यांनीही तेवढीच भरली होती ना. आणि फी कमी नाही, साध्या सेमिनारच्या दुप्पट-तिप्पट आहे, कॉलेजकडून ड्यूटी लीव्ह मिळते पण पैसे स्वतःच्याच खिशातले.

दोन, हॉलबाहेर एक टेबल लावलं होतं, तुमचा पेपर आमच्या स्पेशल इश्यूमधे पंधरा दिवसांत. आत एथिक्सवर लेक्चर आणि बाहेर हे! यूजीसीने मान्य जर्नलांची केअर लिस्ट २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केल्यापासून कुठलं जर्नल चालतं यावर पोरं आधीच गोंधळलेली, त्यात असे दुकानदार. मी आयोजकांना तोंडावर सांगितलं, ते म्हणाले स्पॉन्सर आहेत. बरं.

तीन, नंतरचं. नियम असा होता की महिन्याभरात सुधारलेलं पान मेंटरला पाठवायचं आणि मेंटर त्यावर लिहून परत पाठवणार. आमच्या मॅडमनी पाठवलं, तेही समासात बारीक बारीक लिहून. दुसऱ्या दोन टेबलांवरच्यांना आजपर्यंत काही आलेलं नाही. हे व्यक्तीच्या चांगुलपणावर सोडलं तर असंच होणार, आयोजकांनी मेंटरशी आधीच ठरवून घ्यायला पाहिजे.

जेवण. सकाळी पातळ भाजी-पाव, बन्स, एक दिवस उसळ आणि गरम उंडे, यात काही बोलायला जागा नाही. दुपारी शुद्ध शाकाहारी, त्यामुळे कोल्हापूर-सांगलीकडचे लोक नाराज, गोव्यात येऊन फ्लॉवरची भाजी खाल्ली म्हणून घरी काय सांगू म्हणे. खतखतं मात्र दोनदा घेतलं सगळ्यांनी. सोलकढी पाणचट.

राहणं हॉस्टेलवर. डास. पाणी सकाळी सातनंतर थंड. गेट रात्री लवकर बंद आणि खाली चहाची टपरीसुद्धा नाही. पण खरं सांगते, रात्री खोलीत बसून जे बोलणं झालं ना, नंदुरबारची एक, बेळगावची एक आणि मी, ते टेबलाएवढंच कामाचं होतं. बेळगाववालीने तिचं पूर्ण कोडिंगचं शीट दाखवलं, म्हणजे मुलाखतींतल्या मुद्द्यांना लेबलं लावलेलं, हाताने केलेलं. आम्ही तिघी अजून रविवारी तासभर व्हिडिओ कॉलवर बसतो आणि आठवड्यात लिहिलेलं एकमेकींना वाचून दाखवतो. हे फीमधे नव्हतं, फुकट मिळालं.

कोणी विचारेल की याच्यापेक्षा बाहेरच्या कॉन्फरन्सला का नको जायला. आयकॉन्फरन्सला डॉक्टोरल कलोक्वियम असतं, जेसीडीएलला डॉक्टोरल कन्सॉर्शियम असतं, तिथेही असंच पान मागवून निवडतात आणि सीनियर माणसं बसून तुमचं काम बघतात. जमत असेल तर जरूर अर्ज करा. पण पार्ट टाइमवाल्या, घरी शाळेतलं पोर असलेल्या ग्रंथपालाला पासपोर्ट-व्हिसा-तिकीट हे गणित कुठे बसतंय, आणि तांडेलने फोन कोणाला आणि का केला हे तिथल्यांना पहिल्यापासून समजवावं लागणार. इथे मालीम म्हटलं की पुरे.

तर कोणी जावं? रजिस्ट्रेशन होऊन वर्षभर तरी झालंय, थोडंफार वाचून झालंय आणि आता अडलंय, त्यांनी डोळे मिटून जावं. कोर्सवर्क चालू आहे त्यांनी थांबावं, अजून टेबलावर ठेवायला काही नसेल. थीसिस सबमिट करायला सहा महिने राहिलेत त्यांनी तर अजिबात जाऊ नये, झोप उडेल. आणि ज्यांना फक्त सर्टिफिकेट पाहिजे त्यांनी ऑनलाइनवालं करा, स्वस्त पडतं.

पैसे भरायच्या आधी आयोजकांना फोन करून तीन गोष्टी विचारा. एक पान आधी मागवता का, एका मेंटरकडे किती जण, आणि मेंटर शेवटपर्यंत थांबणार आहे का. पहिल्याचं उत्तर "नाही, गरज नाही" आलं तर फोन ठेवा. बाकी दोन्हींवर उत्तर गोलगोल आलं तर अजून एकदा विचारा, गोव्यात दुसऱ्यांदा विचारलं की खरं सांगतात.

आणि हो, खोलीत तिघींना मिळून एकच प्लग पॉइंट आहे, तोही कपाटामागे. एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन जा.